मूळ पट्टी

"वन्स मोअर!" पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि तालुक्याचं नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. पेटीवर बसलेल्या मास्तरांचा जीव भांड्यात पडला. खोकल्यानं त्यांच्या बायकोचा, कौसाबाईचा, गळा पार बसला होता. म्हणूनच कुरकुरत का होईना, ती आज खालच्या पट्टीत गायला तयार झाली होती. आणि गवळण झकास रंगली होती.

"मायबाप," ती माइकवर म्हणाली, "ही उतरवलेली पट्टी होती. आता माझ्या मूळ पट्टीत ऐका. मास्तर, द्या काळी पाच!"

घरी ते "अगं, नको" म्हणाले असते. भरल्या थिएटरात काय बोलणार? त्यांनी डोळ्यांनी विनवलं, पण ती पब्लिककडे बघत होती. बोटं मुकाट काळी पाचवर गेली.

वरच्या सुरावर तिचा आवाज चिरकला, मग विझलाच. मास्तरांनी भाता जोरात मारून पेटीचा आवाज चढवला, झाकता आलं तेवढं झाकलं. मग टाळ्या पडल्या, मघापेक्षा जोरात. चालताना धडपडलेल्या लेकराला हुरूप यावा म्हणून वाजवतात ना, तशा. मास्तरांनी त्या बरोबर ओळखल्या.

कौसाबाई त्यांच्याकडे वळली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"ऐकलंत? उगीच भीती घालत होता. आता कायम हीच पट्टी!"

ते तोंड उघडणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतला तोच माणूस डोळे पुसत उठला आणि ओरडला, "वन्स मोअर!"