मबरूकाचं अंगण

आखातातल्या मुहर्रक शहरातली जुनी घरं पाडायच्या आधी त्यांचे फोटो काढायचं काम वसईच्या आलोशियसला मिळालं, ते १९७८ साली. आदल्या दिवशीच्या वादळाने गल्लीत घोटाभर वाळू साचली होती.

बंद घराची किल्ली देताना शेजारची म्हातारी मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये मबरूका का घर. आफ्रिका से पकड के लाया, इधर बेचा. बाद में छूट गयी, अपने पैसे से घर लिया. फोटो पे उसका नाम लिखना. और जूता बाहर."

"मर गयी ना वो? अब कौन देखता है!" आलोशियस हसला आणि बुटांसकट आत गेला. फोटोवर तो गल्लीतल्या एखाद्या बड्या व्यापाऱ्याचं नाव घालणार होता. गुलाम बाईचं घर काम देणाऱ्या साहेबाला कशाला हवंय?

अंगणात मात्र वाळूचा कण नव्हता. होते ते फक्त त्याच्या बुटांचे ठसे, दारापासून त्याच्यापर्यंत.

तो समोरच्या भिंतीशी उभा राहिला आणि दाराकडे वळून त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबायच्या आधीच जमिनीवरून आवाज आला. खर्र. दाराजवळचा ठसा नाहीसा झाला. खर्र. त्याच्या पुढचाही गेला. अंगणात कुणीच नव्हतं.

आवाज एकेक ठसा पुसत जवळ आला. आलोशियसची पाठ भिंतीला टेकली.

"लिहितो," तो पुटपुटला. "तुमचंच नाव लिहितो, बाई."

आवाज थांबला.

मग, केर काढताना घरची बाई 'पाय उचल' म्हणून मारते ना, तसा त्याच्या बुटावर झाडूचा फटका बसला.