केबिनची काच

"केबिन रिकामी आहे, बाई. शोध संपल्याचं आम्ही जाहीरही केलंय," सरंजामे साहेब खेकसले. समुद्राच्या तळाशी उतरलेला रोबो बुडालेली बोट थेट दाखवत होता. पडद्यावर ती लख्ख दिसत होती.

धुरपताचा नवरा त्याच बोटीवर होता. "खाली पाणी इतकं नितळ?"

"प्रोग्राम चित्र साफ करतो. जे जे हलतं ते गाळ समजून पुसून टाकतो."

"मग न पुसलेलं दाखवा."

"नुसता चिखल दिसेल!"

"चिखलच दाखवा!"

त्यांनी चिडून सफाई बंद केली. गढूळ पाण्यापलीकडे केबिनच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि एक तळहात ती हळूहळू पुसत होता.

साहेबांनी सफाई पुन्हा चालू केली.

"बघा," ते म्हणाले, "रिकामी."