खांबांचा हॉल

"छत कमी पडतंय," कॅप्टन म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. त्या छताखाली जिराफ मान ताठ ठेवून उभा राहिला असता. पण हॉटेलच्या माणसासमोर वाद नको, म्हणून त्यांनी त्याचे आभार मानले आणि मुकाट्यानं कॅप्टनच्या मागे निघाल्या.

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना सांभाळून विज्ञानकथा संमेलनाच्या चिटणीस म्हणून काम करत. कॅप्टन त्या संमेलनाचे अध्यक्ष, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पहिल्या संमेलनात पुठ्ठ्याच्या यानात, शिलाई मशीनचं चाक हातात धरून ते बसले होते. तेव्हापासून त्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती.

इतकी वर्षं संमेलन एकाच हॉटेलात भरायचं. आता ते हॉटेल पाडत होते. हजारो माणसं मावतील अशी दुसरी जागा महिनाअखेरपर्यंत ठरली नाही तर यंदाचं संमेलन रद्द. आणि एकदा खंड पडला की गाडी पुन्हा रुळावर येणं कठीण, हे सगळ्यांना कळत होतं. तशात चेहऱ्याला चंदेरी रंग फासून, पाठीला शेपट्या लावून नाश्त्याला उतरणारी माणसं म्हटल्यावर काही हॉटेलांनी फोनवरच हात जोडले होते. जी तयार झाली, ती कॅप्टननी नाकारली. एकीकडे लिफ्ट अरुंद, दुसरीकडे गालिचा जाड, तिसरीकडे जेवणघर लांब. नाचता येईना अंगण वाकडं, असं सभासद आता उघडच म्हणू लागले होते.

डॉक्टरबाईंनी मात्र एक गोष्ट हेरली होती. कॅप्टन कुठेही गेले की आधी हॉल बघत नसत. हॉलची व्यवस्था कोण बघतं, एवढंच विचारत आणि त्या माणसाला बोलावून घेत. तो येई, हात मिळवी, आणि मगच कॅप्टनना छत, लिफ्ट, गालिचा दिसू लागे. बरोबरच आहे, असं डॉक्टरबाईंना वाटे. भिंती सगळीकडे सारख्याच. प्रसंगाला माणूसच उभा राहतो.

शेवटचं हॉटेल नदीपलीकडे, गोदामांच्या रस्त्यावर होतं. डॉक्टरबाईंना तिथं जायचंच नव्हतं. कॅप्टननी आग्रह धरला. काउंटरवर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तशी आतून करड्या कोटातली एक बाई आली. केसांत एक पांढरी बट, खिशात मोजपट्टी. तिनं दोघांना नमस्कार केला. कॅप्टनचे हात जुळले नाहीत. त्यांनी शेजारच्या खुर्चीची पाठ धरली. दिवसभराची पायपीट, गुडघे बोलत असणार, असं डॉक्टरबाईंना वाटलं.

बाईनं त्यांना बसायला सांगितलं. डॉक्टरबाईंसाठी थंड पाणी मागवलं, कॅप्टनसाठी साधं. मग हॉल दाखवायला नेलं.

हॉल मोठा होता, पण मधोमध जाडजूड खांब. बाईनं काही लपवलं नाही. खांबामागे बसणाऱ्याला मंच दिसणार नाही, म्हणाली. एक लिफ्ट बंद आहे, ती कधी दुरुस्त होईल याचा भरवसा नाही. गोदामांचे ट्रक पहाटेपासून खडखडत जातात. दारात आलेल्या गिऱ्हाईकाला असं परतवून लावणारं माणूस डॉक्टरबाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

"मला वाटतं, सर, तुम्ही दुसरीकडे बघावं," ती शेवटी म्हणाली.

"खांबांना चंदेरी कागद लावू," कॅप्टन म्हणाले. "इंजिनं होतील."

डॉक्टरबाईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि मनातलं बोलून टाकलं. याहून कितीतरी चांगल्या जागा त्यांनी क्षुल्लक कारणांवरून मोडीत काढल्या होत्या. आता सभासदांना काय तोंड दाखवायचं? बोलता बोलता, ज्याच्या शब्दावर आपण इतकी वर्षं विसंबलो तो माणूस आता थकला आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. राग ओसरला. कॅप्टननी सगळं ऐकून घेतलं.

"इथेच करू या," ते म्हणाले. "माझं एवढं ऐका."

कॅप्टनना कुणाची विनवणी करताना डॉक्टरबाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

तिघं परत टेबलाशी येऊन बसली. बाई एकेक विचारून लिहून घेत गेली. तारखा, खुर्च्या, जेवणाच्या पंगती. आवाज सपाट, नजर खाली. डॉक्टरबाई उत्तरं देत होत्या. सगळं झाल्यावर, आणखी काही हवं का, असं तिनं विचारलं.

"तळमजल्यावर एक खोली," कॅप्टन म्हणाले. "न्हाणीघराचं दार रुंद हवं. चाकांची खुर्ची आत जाईल इतकं."

"कोणासाठी?"

"माझ्या पत्नीसाठी."

पेन थांबलं. बाईनं मान वर केली आणि आल्यापासून पहिल्यांदाच कॅप्टनकडे नीट पाहिलं.

"आईला कधीपासून चालता येत नाही, बाबा?"