पिशवीआडची अक्षरं

चंदनाने पिशवी वर्तमानपत्रावर धरली. अक्षरं दिसेनात. कालपर्यंत पिशवीआडून जाहिरातीतला बारीक मजकूरही वाचता यायचा. आज मथळासुद्धा पुसट. सासूबाईंच्या पोटातून काढलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं.

मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून पोटात सोडलेल्या या पाण्यानेच इंदिराबाईंचं रक्त शुद्ध व्हायचं. नळीतून ते आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, हे काम चंदनाचं. नर्सने बजावलं होतं: जंतू आत शिरले की पोटातल्या राखणदार पेशी हाका मारतात, रक्तातल्या पेशी झुंजायला धावून येतात आणि त्या गर्दीनेच पाणी गढूळ होतं. दिसलं की तडक दवाखान्यात या. उशीर झाला तर जिवावर बेतेल.

चंदनाला आधी धडकी भरली. नवरा रविकिरण बेळगोळच्या कारखान्यातून येईल आणि पहिलं विचारेल, हात नीट धुतले होतेस ना? मग, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं. जातीबाहेरची म्हणून या बाईने तिला कधी पाण्याच्या हंड्याला शिवू दिलं नव्हतं. चंदना तापाने फणफणली होती तेव्हाही पेला हातात न देता वरून ओंजळीत पाणी ओतलं होतं.

"स्वच्छ आहे ना गं?" इंदिराबाईंनी पलंगावरून विचारलं. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळंच धूसर दिसायचं.

"स्वच्छ आहे, अत्ते." सासूला ती इथल्या कन्नड रीतीने अत्तेच म्हणायची. राहू दे दोन दिवस स्वच्छ, ती मनात म्हणाली.

इंदिराबाई खूश झाल्या. "मत्ते, मग काय! नसून कसं चालेल! तू तिकडं गेलीस की मी टोपण काढून नळीत नरसीपूरच्या संगमाचं तीर्थ सोडते की. तुझा हात लागून माझी मडी जाते, सोवळं मोडतं, काय करू मग?"

सोवळं राखायला म्हातारीने नदीतले जंतू आपल्याच पोटात सोडले होते. आता चंदनाला काही करायची गरजच नव्हती. गप्प बसलं की झालं. दोषही कुणी दिला नसता.

पण मग ही बाई मरणार ती सोवळ्यात, अगदी समाधानाने. आपण काय करून बसलो हे तिला कधी कळणारच नाही. ते मात्र चंदनाला सहन होईना. तिने फोन करून रिक्षा बोलावली आणि गढूळ पिशवी बरोबर घेतली.

"आता कुठं गं?"

"दवाखान्यात. खोटं बोलले मी. पाणी गढूळ आलंय. तुमच्या तीर्थानं."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. चंदनाने तिला दंडाला धरून उठवलं.

"भिऊ नका. मरू देणार नाही मी तुम्हाला. अजून खूप वर्षं जगायचंय, अत्ते. रोज माझा हात लावून घेत."