दुसऱ्या वळणाच्या पुढे

खरं तर हे लिहिणारच नव्हतो. लंब्याच्या पिकअपचा डिझेलचा पंप बदलला, त्यात सांगण्यासारखं काय? पण मिस्त्रीकाकांनी डिझेलची वाटी उन्हात धरली तेव्हा लंब्याच्या मनात जे आलं, ते त्याच्याच तोंडून ऐकल्यापासून कुठंतरी उतरवून ठेवल्याशिवाय चैन पडेना.

काकांनी फिल्टर काढून पांढऱ्या वाटीत उपडा केला होता.

"बाजूला हो रे, ऊन अडवतोयस," ते लंब्याला म्हणाले. "यात चकाकी दिसली ना, तर पंपानं स्वतःलाच खरवडून घेतलंय समज. धातूचा चुरा सगळीकडं फिरला. मग नुसता पंप घालून भागत नाही, नळ्या, इंजेक्टर, टाकी, सगळं उतरवायचं. महिनाभर गाडी इथंच."

गाडीवरचा लंब्याचा जोडीदार ढोल्या मागं जुन्या टायरवर बसून चहा पीत होता. त्याची बॅग कधीची भरून तयार होती. दुसऱ्या गावात दाजींच्या दुकानात काम ठरलेलं, दाजींचे फोनवर फोन. पण ढोल्याचं एकच टुमणं. "गाडी नीट चढत नाही तोवर मी हलत नाही. हा एकटा अडकला तर चाकामागं दगड कोण लावणार? ह्याचा सासरा? लग्न तरी झालंय का ह्याचं?"

खिडक्यांच्या काचांनी भरलेली पिकअप टेकडीच्या चढाला दुसऱ्या वळणावर धापा टाकायची. पंप दाबच द्यायचा नाही. मग ढोल्या उतरायचा, दगड बगलेत मारायचा आणि दारावर हात ठेवून बाजूनं चालायला लागायचा. गाडी पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीनं. केबिनमध्ये बसून दोघं फक्त गाण्यांवरून भांडायचे. खरं बोलणं चढावर, खिडकीतून. वडील यातून उठणार नाहीत, हे लंब्यानं पहिल्यांदा तिथंच तोंडातून काढलं होतं. स्टिअरिंग धरून, समोर बघत. ढोल्यानं नुसता दगड या बगलेतून त्या बगलेत घेतला होता.

काकांनी वाटी कलती केली. लंब्या श्वास रोखून बघत होता.

चकाकू दे, त्याच्या मनात आलं. थोडीशी तरी.

काकांनी एक थेंब चिमटीत चोळला, बोटं उन्हात फिरवली. "स्वच्छ आहे. नशीब काढलंस लेका. नुसत्या पंपावर निभावलं."

"हो ना," लंब्या म्हणाला.

"मग तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?"

नवा पंप चढला. उघड्या नळ्यांची तोंडं काकांनी शेवटपर्यंत टोप्या घालून झाकली होती, धुळीचा एक कण आत जायला नको म्हणून. ढोल्यानं हातपंप दाबून दाबून नळ्यांतली हवा काढली. लंब्यानं चावी फिरवली. रोज कुथत कुथत सुरू होणारी गाडी एका झटक्यात चालू झाली.

"ही आपलीच ना रे?" ढोल्या म्हणाला.

"रिकाम्या गाडीचं काय कौतुक," काका हात पुसत म्हणाले. "लोड टाका आणि चढावर नेऊन बघा."

"लोड कशाला?" लंब्या म्हणाला. "ढोल्या बसला की झालाच."

"मी गेलो की कळेल तुला," ढोल्या म्हणाला, "पंप बिघडलाच नव्हता. मीच जड होतो."

यावर काका एकटेच हसले.

काचा भरल्या. निघाले. पहिलं वळण आरामात गेलं. दुसरं आलं तसं ढोल्यानं सवयीनं पायाजवळचा दगड उचलला, दार उघडलं, एक पाय बाहेर काढला.

गाडी हळू झालीच नाही. त्याच्या चपलेखालून रस्ता सरसर मागं पळत होता.

"पाय आत घे," लंब्या म्हणाला.

ढोल्यानं पाय आत घेतला, दार ओढून घेतलं. दगड मांडीवर. काही बोलायला सुरुवात करावी तर माथा आलासुद्धा.

लंब्यानं गाडी कडेला घेतली. ढोल्या खाली उतरला, दगडासकट, आणि फेरी मारून नेहमीच्या जागी आला. लंब्याच्या खिडकीशी. दारावर हात.

"उद्या सकाळची बस पकडतो मग."

"पकड की."

इंजिन मऊ घुमत होतं. त्या आवाजात दोघांनाही कान द्यावा असं काही उरलं नव्हतं.

"चढ लागला की फोन करीन," लंब्या समोर बघत म्हणाला. "दुसऱ्या वळणाला."

"आता बघितलंस ना? डोळ्याचं पातं लवेपर्यंत वर. तेवढ्यात काय बोलणार, कप्पाळ?"

"पहिल्या गिअरात नेईन."

"चांगली गाडी पहिल्या गिअरात? मागचे हॉर्न मारून जीव घेतील तुझा."

"मारू देत."

ढोल्यानं दगड या बगलेतून त्या बगलेत घेतला.

"शब्द देतो," लंब्या म्हणाला. "पहिल्याच गिअरात."