भिंतीबाहेरची जागा

आईबाबांचा मी एकुलता एक. बुकबाइंडिंग करतो. काल आमच्या प्रार्थनामंदिरातली जुनी नियमावली दुकानात शिवायला आली. तिच्या नवव्या पानावर लिहिलं होतं, 'दीक्षेआधी गेलेल्या बाळाला दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा नाही.' नव्या आवृत्तीत हा नियमच नाही.

रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "म्हणजे धर्मही बदलतो की!"

बाबा त्याच प्रार्थनामंदिरात चाळीस वर्षं धर्मोपदेशक होते. ते उसळलेच. "काहीतरी बरळू नकोस. धर्म म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. असला नियम आपल्यात कधी नव्हताच. छापणाऱ्याने घुसडला असेल."

"कधीच नव्हता?" आईने वाढता वाढता विचारलं.

"कधीच नाही!"

आईने डाव खाली ठेवला आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. बाबांना वाटलं, विषय मिटला. त्यांनी पुढचा घास घेतला.

आई परत आली तेव्हा तिच्या हातात बागेतलं फावडं होतं.



"मग उठा," ती म्हणाली. "आपल्या थोरल्याला तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी भिंतीबाहेर पुरलंत ना, त्याला आत आणू."