शुक्र-गुरूंचा बिघडलेला फोटो

सूर्यास्तानंतर चाळिसाव्या मिनिटाला, बंदराच्या धक्क्यावर मुलगी तिसऱ्यांदा ट्रायपॉड हलवीत होती. समुद्रावर शुक्र आणि गुरू बोटभर अंतराने तळपत होते. असे पुन्हा कित्येक वर्षे दिसणार नव्हते. "जरा दम धर," प्रवासी बोट चालवणारे बाबा म्हणाले. "ग्रह काय पळून जाताहेत?" "अर्ध्या तासात बुडतील, बाबा!" तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घाईत फोकस बिघडला आणि फोटोत एकमेकांत मिसळलेले दोन पिंजलेले गोळे उमटले. ती चरफडली. बाबांनी डोकावून पाहिले. "वा! दिसतात तसे हुबेहूब टिपलेस की!" तिने चमकून आकाशाकडे पाहिले, ग्रह लख्ख वेगळे होते. "बाबा, समोरून बोटी किती येताहेत?" "एक." दोन येत होत्या. रोज पहाटेच्या अंधारात बाबा साठ प्रवासी पलीकडे नेत. तिने कॅमेरा बंद केला. "उद्या बोट तुम्ही चालवायची नाही."